तीन नळ्या आणि एक कोयता

१९८६ सालापासून पुढची वीसेक वर्षं सोयुझ यानातून अंतराळात जाणाऱ्यांच्या सामानात एक बंदूक असायची. जिथे हवा नाही, जनावर नाही, शत्रू नाही, तिथे बंदूक कशाला, असं कुणालाही वाटेल. तिचं नाव टीपी-८२. रशियातलं तुला हे शहर शस्त्रं घडवण्यासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध, ही बंदूक तिथलीच. मला विचाराल तर जगातल्या सगळ्यांत विचारपूर्वक घडवलेल्या शस्त्रांमध्ये तिची गणना व्हायला हवी, कारण ती माणसं मारण्यासाठी केलेलीच नव्हती. परतीच्या वाटेवर यान भलत्याच ठिकाणी उतरलं, तर आतल्या माणसांनी सुटका होईपर्यंत तग धरावा, एवढ्याचसाठी ती होती.

दिसायला ती आखूड केलेल्या दुनळीसारखी. वर शेजारी-शेजारी दोन गुळगुळीत नळ्या, साडेबारा मिलिमीटर व्यासाच्या. त्यांच्या पोटाशी मधोमध तिसरी नळी, ५.४५ मिलिमीटरची, आतून पीळदार चर पाडलेली. नळ्यांची लांबी जेमतेम ३० सेंटिमीटर, मूठ पिस्तुलाची. आपोआप काडतूस भरणारी कसलीही यंत्रणा नाही. बिजागरीवर बंदूक मोडायची, मागून हातानं काडतुसं घालायची, मिटायची आणि बार काढायचा. खांद्याला टेकवायचा दस्ता मात्र पाहण्यासारखा आहे. कॅनव्हासच्या खोळीत गुंडाळलेला हा दस्ता काढून खोळ उतरवली, की हातात चक्क कोयता येतो. फांद्या तोडा, झुडपं साफ करा, सरपण फोडा. दस्त्यासकट सगळ्याचं वजन सुमारे २.४ किलो.

काडतुसं तीन प्रकारची. पक्ष्यांसाठी छर्ऱ्यांची, मोठ्या जनावरासाठी खालच्या नळीतली गोळी, आणि तिसरं खुणेचं काडतूस, जे आकाशात पेटती ज्योत सोडतं. हे तिसरं काडतूस लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

या बंदुकीचं मूळ २१ वर्षं मागे जातं. १८ मार्च १९६५ रोजी व्होस्खोद-२ हे यान बायकोनूरहून उडालं. आत दोघे होते, पावेल बेल्यायेव्ह आणि अलेक्सेई लिओनोव्ह. त्याच दिवशी लिओनोव्ह यानाबाहेर पडले आणि सुमारे १२ मिनिटं अवकाशात तरंगले. माणसानं असं पहिल्यांदाच केलं होतं. निर्वात पोकळीत त्यांचा पोशाख फुगला. आत शिरता येईना, तेव्हा त्यांनी पोशाखातला दाब स्वतःच कमी केला आणि कसेबसे आत आले. ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. दुसऱ्या दिवशी जे घडलं ते त्या मानानं कमी ठाऊक आहे, आणि मला तेच जास्त थक्क करतं.

यानाला आपोआप दिशा देऊन खाली आणणारी यंत्रणा चाललीच नाही. बेल्यायेव्ह यांनी यान हातानं वळवायचं ठरवलं. खिडकीतून पृथ्वी पाहून दिशा साधायचं उपकरण अशा जागी होतं, की त्यासाठी त्यांना दोन्ही आसनांवर आडवं पडावं लागलं. लिओनोव्ह यांनी त्यांना धरून ठेवलं. दिशा मिळाली. पण इंजिन पेटवण्याआधी दोघांनीही आपापल्या आसनावर परतणं भाग होतं, कारण माणसं एका बाजूला असतील तर यानाचा तोल ढळतो. अवजड पोशाखात, त्या इवल्याशा जागेत, आपापल्या जागी बसायला त्यांना ४६ सेकंद जास्त लागले.

कक्षेतलं यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास धावत असतं. ४६ सेकंदांचा गुणाकार करून पाहा, साडेतीनशे किलोमीटर तिथेच होतात. यान ठरलेल्या जागेपासून सुमारे ३८६ किलोमीटर पुढे गेलं आणि उरल पर्वताच्या बाजूला, पेर्म शहराच्या उत्तरेकडच्या घनदाट तैगा अरण्यात, कमरेहून खोल बर्फात उतरलं. दार एका बर्चच्या झाडावर आदळून अडकलं, ते हिसके देऊन मोकळं करावं लागलं. लिओनोव्ह यांच्या पोशाखात घाम इतका साचला होता, की दोघांनी त्या थंडीत कपडे उतरवून आतले कपडे पिळून काढले. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं, पण झाडांच्या दाटीत त्याला उतरायला जागा नव्हती. वरून दोरीची शिडी सोडली, तर त्या अवजड पोशाखात ती चढता येईना. पहिली रात्र दोघांनी उघड्या दाराच्या कुपीत काढली. दुसऱ्या दिवशी स्कीवरून माणसं पोहोचली, त्यांनी लाकडाचा आडोसा उभारला आणि मोठी शेकोटी पेटवली. तिसऱ्या दिवशी सगळे स्कीवरून नऊ किलोमीटर चालून हेलिकॉप्टरपर्यंत गेले.

या मुक्कामात त्यांच्याजवळ एक साधं पिस्तूल होतं. त्या दिवसांत अस्वलं आणि लांडगे जास्त आक्रमक असतात, ही धास्ती लिओनोव्ह पुढे आयुष्यभर सांगत राहिले. असल्या जागी पिस्तुलानं भागत नाही, याहून चांगलं काहीतरी हवं, असा आग्रह त्यांनी धरला, आणि त्यातूनच पुढे टीपी-८२ आली.

संकटात एकच बंदूक जवळ बाळगायची तर कुठली, हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. त्याच्या पोटात मात्र एकमेकांशी भांडणारे तीन-चार प्रश्न दडलेले आहेत. ससा मारायचा, की अस्वल परतवायचं? उडता पक्षी, की शंभर मीटरवरचं हरीण? आणि हे सगळं किती किलोंत?

नळीची गंमत इथे सुरू होते. पीळदार चरांची नळी गोळीला फिरकी देते. दोरी सुटलेला भोवरा आपल्या अणीवर ताठ उभा राहतो, तशी फिरती गोळी टोक पुढे ठेवून सरळ जाते. म्हणूनच दूरवरचा नेम लागतो. पण याच नळीत छर्रे भरले तर फिरकी त्यांना चहूकडे उधळून लावते, मधोमध पोकळी पडते आणि पक्षी त्या पोकळीतून निसटतो. छर्ऱ्यांना गुळगुळीत नळीच लागते. गुळगुळीत नळी उदार असते. तिच्यातून छर्रे जातील, एकच मोठी गोळी जाईल, पेटती ज्योतही जाईल. फक्त दूरच्या नेमाची खात्री ती देत नाही. एकाच नळीत दोन्ही गुण कुणालाही नीट बसवता आलेले नाहीत. त्यामुळे या प्रश्नाशी झुंजणारे पुन्हा पुन्हा एकाच तोडग्यावर येतात, दोन जातींच्या नळ्या एकत्र बांधायच्या.

जर्मन भाषक मुलुखांतल्या शिकाऱ्यांनी हे फार पूर्वीच केलं होतं. दोन गुळगुळीत नळ्या आणि खाली एक चरांची, अशा तीन नळ्यांच्या बंदुका तिथे पिढ्यान्पिढ्या वापरात होत्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलानं उत्तर आफ्रिकेवर उडणाऱ्या वैमानिकांसाठी अशीच एक बंदूक घेतली. एम-३० हे तिचं नाव, झाउअर उंड झोन या नामांकित कारखान्यानं ती बनवली. अॅल्युमिनियमच्या पेटीत ती जपून ठेवलेली असे. वर बारा बोअरच्या दोन नळ्या, खाली ९.३ मिलिमीटरची अशी नळी की तिच्या गोळीनं आफ्रिकेतली सगळ्यांत मोठी जनावरंही लोळवता यावीत.

बारा बोअर म्हणजे काय, तेही सांगतो, कारण हा हिशेब मला फार आवडतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या बारा गोळ्या ओतायच्या. त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. आकडा वाढत जातो तशी नळी बारीक होत जाते. या मापानं टीपी-८२च्या वरच्या नळ्या चाळीस बोअरच्या भरतात.

एम-३० देखणी होती, कारागिरी निर्दोष होती, आणि माझ्या मते ती सपशेल चुकीची होती. वाळवंटात पडलेल्या वैमानिकाला पाणी, सावली आणि आपल्या लोकांपर्यंत खूण पोहोचवणं हवं असतं. हत्ती लोळवणारी नळी तिथे कशासाठी? ती शिकाऱ्याच्या हौसेतून निवडलेली बंदूक होती.

अमेरिकी हवाई दलानं महायुद्धानंतर उलट्या टोकानं विचार केला. उत्तर ध्रुवाच्या वाटेनं उडणारे वैमानिक बर्फात कोसळले तर काय करतील? त्यांच्यासाठी एम-६ आली. दोन नळ्या एकावर एक, वरची चरांची पॉइंट टू-टू हॉर्नेट या गोळीच्या काडतुसासाठी, खालची गुळगुळीत फोर-टेन या छर्ऱ्यांच्या काडतुसासाठी, दोन्ही छोट्या शिकारीपुरत्या. मधोमध दुमडली की ती आसनाखालच्या सामानात मावे. दस्ता पोकळ पत्र्याचा, त्यात हॉर्नेटची नऊ आणि फोर-टेनची चार काडतुसं ओळीनं खोचलेली. आणि चाप? एम-६ला नेहमीचा चाप नाही, चापाभोवतीची कडीही नाही. त्या जागी एक लांब पट्टी आहे, सगळ्या बोटांनी मिळून दाबायची. का, ते कळलं तेव्हा मी मनातल्या मनात त्या आरेखकाला नमस्कार केला. उणे तीस अंशांत जाड हातमोजा काढला तर बोटं गारठून निकामी होतात, आणि हातमोजा घातलेलं बोट कडीत शिरत नाही. कागदावर नळ्या आखता आखता या माणसाला बर्फातले हात दिसले होते.

पुढे आर्मालाइट कंपनीनं एआर-७ काढली, तिची नळी आणि यंत्रणा सुटी करून स्वतःच्याच पोकळ दस्त्यात ठेवता येते, आणि बंद केलेली बंदूक पाण्यावर तरंगते. काडतूस साधं पॉइंट टू-टू. या छोट्या काडतुसाची महती वजनात आहे. एका किलोत ती सुमारे तीनशे बसतात. बारा बोअरची वीस-बावीस. ज्याला सगळं पाठीवर वाहायचं आहे त्याला हा फरक फार मोठा. म्हणून संकटकाळासाठी तयारी करणाऱ्यांत पॉइंट टू-टूचे चाहते फार.

पण तीनशे काडतुसं आणि तीनशे ससे मिळाले, तरी माणूस जगेल का? याचं उत्तर चक्रावून टाकणारं आहे. उत्तरेकडच्या जंगलांत ज्यांनी हिवाळे काढले त्यांना एक आजार ठाऊक होता, नुसते ससे खाऊन येणारा. कॅनडाचे ध्रुवीय प्रवासी विल्ह्याल्मर स्टेफान्सन यांनी त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. सशाच्या मांसात चरबी नावालाच असते. प्रथिनांपासून ऊर्जा काढायला यकृताला मर्यादा आहे. चरबी आणि पिष्ट काहीच मिळालं नाही, तर पोट भरलेलं असूनही भूक शमत नाही, जुलाब लागतात, डोकं दुखतं, माणूस खंगत जातो. म्हणजे अचूक नेम, भरपूर शिकार, आणि तरीही उपासमार. तिथले जुने लोक जनावरातली चरबी, मेंदू आणि हाडांतली मज्जा आधी खात, ते यामुळेच.

थंडीचा हिशेब तर याहून क्रूर. अन्नावाचून माणूस काही आठवडे काढू शकतो. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, आडोशाशिवाय एक रात्रही अवघड. व्होस्खोदच्या त्या दोघांना प्रत्यक्षात छळलं ते थंडीनं आणि घामानं. त्यांना वाचवलं ते कोरड्या कपड्यांनी, आडोशानं आणि शेकोटीनं.

जिथे धोका एकच आणि नेमका आहे तिथे निवड किती सोपी होते, हे पाहायला स्वालबार्डला जावं. नॉर्वेच्या या बेटांवर वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचं साधन जवळ असणं बंधनकारक आहे. त्यासाठी खुणेचं पिस्तूल चालतं. जोडीला रायफल घेण्याचा सल्ला प्रशासन देतं. तिथल्या विद्यापीठ केंद्रात भूशास्त्र शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यालाही आधी रायफल चालवायला शिकावं लागतं. पण क्रम ठरलेला आहे. अस्वल दिसेल तिथे जाऊच नका, दिसलं तर लांब व्हा, जवळ आलं तर आवाजानं आणि उजेडानं पळवा. गोळी अगदी शेवटी. तिथे अस्वल संरक्षित आहे, आणि प्रत्येक गोळीचा जाब द्यावा लागतो.

अशा थंडीत जुनी, साधी, हातानं खिळ ओढायची रायफल नव्यांना भारी पडते. कॅनडाच्या उत्तरेकडचे रेंजर्स १९४७पासून थेट गेल्या दशकापर्यंत ली-एन्फिल्ड वापरत होते. ही आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती थ्री-नॉट-थ्री. तिच्या भागांत जराशी मोकळीक असते, त्यामुळे थोडा बर्फ, थोडी धूळ गेली तरी ती अडत नाही. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाडीवरून गस्त घालणारं डॅनिश सिरियस पथक तर पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या नमुन्याची रायफल बाळगतं. कडाक्याच्या थंडीत वंगण घट्ट होतं आणि यंत्रणा जाम होते. बाहेरची गार रायफल उबदार तंबूत आणली की तिच्यावर दव धरतं, आणि पुन्हा बाहेर नेली की त्याच दवाचा बर्फ होऊन खिळ चिकटते. म्हणून तिथले अनुभवी लोक रायफल बाहेरच ठेवतात.

आपल्या कोकणातही एका बंदुकीकडून अनेक कामं करून घेण्याची जुनी रीत आहे. शेतीच्या रक्षणासाठी परवाना मिळालेली ठासणीची बंदूक अनेक घरांत पिढीजात आहे. वरून दारू, मग चिंधी, मग छर्रे किंवा एकच गोळी, ठासणाऱ्यानं ठरवायचं. नुसती दारू ठासली तर फक्त आवाज. माकडं आणि रानडुकरं हाकलायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. गुळगुळीत नळीचं उदारपण ते हेच. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय यातलं काहीही जवळ बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण घरात बंदूक आली की ती रोज सांभाळावी लागते. तिच्या मालकाला कधीकाळी येणाऱ्या संकटाइतकीच घरातल्या पोराबाळांची काळजी वाहावी लागते.

आता ते तिसरं काडतूस. सोयुझच्या उतरण्याचा इतिहास पाहा. १९७५मध्ये उड्डाण अर्ध्यात बिघडलं आणि दोघे जण अल्ताई पर्वताच्या बर्फाळ उतारावर पडले. कुपी घसरत चालली होती, पॅराशूट अडकलं म्हणून ती थांबली. १९७६मध्ये सोयुझ-२३ रात्रीच्या हिमवादळात कझाकस्तानातल्या तेंगिझ सरोवरात पडलं, पॅराशूटनं पाणी धरलं, आणि आतल्या दोघांनी सगळी रात्र गारठत काढली. सकाळी हेलिकॉप्टरनं कुपी ओढत किनाऱ्याला नेली. २००३च्या मे महिन्यात सोयुझ टीएमए-१ ठरल्या जागेच्या साडेचारशे किलोमीटरहून जास्त अलीकडे, कझाकस्तानच्या ओसाड गवताळ माळावर उतरलं. आत एक रशियन आणि दोन अमेरिकी होते. ते कुठे आहेत हे काही तास कुणालाच ठाऊक नव्हतं. यातल्या एकाही प्रसंगात कुणावर अस्वल धावून आलं नाही. प्रत्येक वेळी गरज एकच होती: शोधणाऱ्याला आपण दिसावं. टीपी-८२च्या निर्मात्यांनी शिकारीच्या नळीतूनच ज्योत उडवायची सोय केली, आणि गोळ्या संपल्यावरही हातात कोयता उरेल अशी रचना केली, यात मला त्यांचं खरं मोठेपण दिसतं.

टीएमए-१च्या त्या प्रसंगानंतर सोयुझमध्ये उपग्रह-फोन आणि ठिकाण सांगणारं जीपीएस उपकरण ठेवलं जाऊ लागलं. २००७च्या सुमारास टीपी-८२ची साठ्यातली खास काडतुसं जुनी होऊन बाद ठरली आणि तिची जागा साध्या पिस्तुलानं घेतली. फोन असताना तीन नळ्या वाहून नेण्याचं कारण उरलं नव्हतं, तरी ती गेली याची मला हळहळ वाटते.

सराव मात्र थांबलेला नाही. गगनयानासाठी निवडलेले भारतीय हवाई दलाचे चार वैमानिक २०२० आणि २०२१मध्ये मॉस्कोजवळच्या युरी गागारीन केंद्रात शिकले. त्यांच्या शिक्षणाची सुरुवात झाली ती फेब्रुवारीत, हिवाळी जंगलात तग धरण्याच्या धड्यानं. पाण्यावरचा आणि गवताळ माळावरचा धडा त्याच वर्षी उन्हाळ्यात झाला. सोयुझच्या हिवाळी सरावात तुकडीला कुपीसकट दोन दिवस बर्फात सोडतात. तिथे कामाला येतं ते पॅराशूट. सोयुझचं मुख्य पॅराशूट हजार चौरस मीटरचं, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचं. त्याच्या कापडाचा तंबू होतो, अंथरूण होतं, थंडीत अंगाभोवती गुंडाळायचे थर होतात, दोऱ्यांनी फांद्या बांधता येतात, आणि उरलेलं कापड मोकळ्या जागी पसरलं की विमानातून ते पांढऱ्या बर्फावर लांबून ओळखू येतं.